नाताळ हा शब्द कुणाचा?

गेल्या आगमनकाळात घरभेटींच्या निमित्ताने कोल्हापुरातील शिवाजी पेठेत गेलो असता एका कुटुंबात घडलेला लहानसा प्रसंग प्रस्तुत लेखास कारण झाला. घरातील मुलगा सातवीत शिकणारा. शाळेत त्याला वीस अनोख्या इंग्रजी शब्दांची कुळकथा लिहून आणावयास सांगितले होते. प्रार्थना आटोपल्यावर त्याने आपली वही माझ्यापुढे धरली. शब्द पाहून होतात न होतात तोच त्याने विचारले, "फादर, वर्गातला एक मुलगा म्हणाला, तुमचा नाताळ हा शब्दसुद्धा परकाच आहे. आपले सगळे शब्द बाहेरचेच का?"

घरात क्षणभर शांतता पसरली. आजोबांनी चष्मा काढून पुसला. मुलाने शब्दांविषयी विचारले होते खरे, परंतु त्याला जे विचारावयाचे होते ते निराळेच होते. आपण या पेठेतले की बाहेरचे, हा तो प्रश्न. त्या दिवशी मी त्याला चार समजुतीचे शब्द सांगून निघालो. पूर्ण उत्तर द्यावयाचे राहिले, ते या पानांतून देण्याचा प्रयत्न करतो.

आरंभ त्याच्या वहीपासूनच करू. त्याच्या घराच्या पत्त्यात जो शब्द आहे तोच त्याच्या यादीत नव्हता. पेठ हा शब्द इंग्रजी कोशात आहे. तेथे त्याचे रूप 'पेटा' असे झाले आहे. किल्ल्याच्या तटाबाहेर वसलेली, पुष्कळदा स्वतंत्र तटबंदी असलेली वस्ती, असा त्याचा अर्थ. तमिळमधील 'पेट्टै' आणि मराठीतील 'पेठ' ही एकाच घरातील भावंडे इंग्रजांच्या कानी पडली. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात आर्थर वेलस्ली याने अहमदनगरची प्रथम पेठ घेतली आणि त्यानंतर चार दिवसांनी किल्ला हस्तगत केला. त्या लढाईच्या इंग्रजी वृत्तांतांत हा शब्द ठायी ठायी भेटतो. श्रीलंकेत कोलंबोच्या जुन्या व्यापारी भागाचे नाव आजही हेच आहे. शिवाजी पेठेतील मुलगा 'पेठ' म्हणतो तेव्हा तो नकळत इंग्रजी कोशातला एक शब्द उच्चारीत असतो.

असे शब्द गोळा करण्याचे मोठे कार्य दोन विद्वानांनी केले. हेन्री यूल हा बंगालमधील लष्करी अभियंता आणि आर्थर कोक बर्नेल हा मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी व संस्कृतज्ञ. बर्नेलचा १८८२ मध्ये अंत झाला. यूलने ग्रंथ पुरा करून १८८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. विल्यम क्रूक याने संपादिलेली त्याची दुसरी आवृत्ती १९०३ मध्ये निघाली. या कोशाचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन' असे विचित्र आहे. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा आक्रोश चालतो. तो इंग्रज शिपायांच्या कानांना जसा ऐकू आला, तसा त्यांच्या तोंडी बसला आणि अखेर एका महाकोशाचे नाव झाला. कोल्हापूरकरांस मोहरमची ओळख करून देण्याची गरज नाही. येथील तालमींत हिंदू आणि मुसलमान मिळून पंजे बसवितात व मिरवितात, ही परंपरा सर्वश्रुत आहे.

मुलाच्या वहीत 'मंगूस' हा शब्द पहिला होता. त्यातील शेवटची अक्षरे पाहून इंग्रज मुलांनाही हा बदकाचा जातभाई वाटतो आणि त्याचे अनेकवचन करताना ती चुकतात. परंतु बदकाशी त्याचा काही संबंध नाही. तो आपला मुंगूसच आहे. सर्पाशी झुंजणारा हा प्राणी इंग्लंडच्या रानात नाही. तेव्हा प्राणी पाहिला येथे आणि नावही उचलले येथूनच.

दुसरा शब्द 'टँक'. मराठीतील टाके, गुजरातीतील टांकुं हे शब्द पाण्याच्या साठ्यास लावले जातात. पोर्तुगीजांजवळ त्याच अर्थाचा, लॅटिनमधून आलेला 'तांक' हा शब्द होता. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले आणि इंग्रजांनी तो संयुक्त शब्द उचलला. त्यामुळे एतद्देशीय इंग्रजीत रंकाळ्यासारख्या विस्तीर्ण तलावालाही 'टँक' म्हणण्याची रीत पडली. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी लोखंडी कवचाचे नवे लढाऊ वाहन गुप्तपणे तयार केले. हेरांना सुगावा लागू नये म्हणून ती पाण्याची टाकी आहेत अशी हूल उठविण्यात आली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर ती वाहने प्रथम उतरली, आणि हुलीचे नावच कायम झाले. तहानलेल्याला पाणी देणाऱ्या टाक्याचे नाव आग ओकणाऱ्या यंत्रास मिळावे, यात मनुष्यजातीच्या वाटचालीवर केवढे भाष्य आहे!

तिसरे उदाहरण घाटाचे. कोल्हापूरकर गगनबावड्याहून कोकणात उतरतो तेव्हा 'घाट उतरलो' असे म्हणतो. आपल्या भाषेत घाट म्हणजे डोंगरातील उतरणीची वाट. युरोपीय प्रवाशांनी वाटेचे नाव सबंध डोंगराला देऊन टाकले. सह्याद्रीचे नाव त्यांच्या नकाशात पश्चिम घाट असे पडले आणि आता आपणही शाळेत तसेच शिकतो. शब्द परत आला, पण अर्थ बदलून.

गोदामाची कथा याहूनही मजेची. इंग्रजीतील 'गोडाऊन' हा शब्द पाहून तो 'खाली जा' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा जोड असावा असे अनेकांस वाटते. खरे पाहता तो मूळचा दाक्षिणात्य शब्द तेलुगू आणि तमिळ व्यापाऱ्यांबरोबर मलाया द्वीपसमूहात गेला, तेथे 'गुदंग' झाला, पोर्तुगीजांच्या हाती पडला आणि मग इंग्रजांकडे पोहोचला. केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून व्युत्पत्ती सांगू नये, हा धडा यातून घ्यावयाचा. शब्दाचा प्रवास कोणत्या बंदरातून, कोणाच्या तोंडून, कोणत्या काळी झाला याचा पुरावा लागतो.

गोदाम म्हटले की कोल्हापुरात गुळाची आठवण होणारच. या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. इंग्रजीत गुळाला 'जॅगरी' म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत 'शर्करा' या शब्दात आहे. शर्करा म्हणजे मुळात वाळू, बारीक खडे. ऊसाच्या रसाचे तसे दाणे झाले म्हणून त्यांनाही तेच नाव. हा शब्द कानडीत 'सक्करे' आणि मलयाळमात 'चक्कर' झाला. दक्षिणेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी त्याचे 'जागर' केले आणि त्यावरून इंग्रजी 'जॅगरी' आला. तोच शब्द दुसऱ्या वाटेने इराणात 'शकर', अरबांकडे 'सुक्कर' आणि फ्रान्समार्गे इंग्लंडात 'शुगर' झाला. तिसऱ्या वाटेने तो ग्रीक व लॅटिन भाषांत शिरला. त्यावरूनच १८७९ मध्ये शोधल्या गेलेल्या एका कृत्रिम गोड पदार्थास 'सॅकरीन' हे नाव मिळाले. 'कँडी' हा शब्दही आपल्या 'खंड' म्हणजे तुकडा या शब्दापासून इराण व अरबस्तान करीत तिकडे गेला. म्हणजे मुलांच्या हातातील गोळी, आईच्या डब्यातील साखर आणि बाजारातील गूळ यांची इंग्रजी नावे आपल्याच शेतातून गेलेली आहेत.

येथवर वाचून आपली छाती अभिमानाने फुगली असेल तर ते स्वाभाविक आहे. परंतु हिशोबाची वही दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. आता आपल्याकडे काय आले ते पाहू.

शिवाजी पेठेचा अभिमान म्हणजे तालीम. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ शिकवण. कुस्ती फारसी, पैलवानही फारसी. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या खासबाग मैदानाची उभारणी केली, त्याच्या नावातील 'खास' अरबी, 'बाग' आणि 'मैदान' फारसी. म्हणून कोणी कोल्हापूरची कुस्ती परकी आहे असे म्हणेल काय? जो म्हणेल त्याने ते त्या मातीत उभे राहून म्हणावे!

स्वयंपाकघरात तर याहून मोठे आश्चर्य दडले आहे. कोल्हापूरचा तांबडा रस्सा ज्या मिरचीवाचून होऊच शकत नाही, ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपल्या पूर्वजांनी तिला नाव दिले ते काळ्या मिऱ्याच्या संस्कृत 'मरिच' या नावावरून. वस्तू परकी, नाव देशी. बटाटा तिकडूनच आला. त्याने मात्र आपले नाव सोडले नाही. कॅरिबियन बेटांवरील 'बटाटा' हा शब्द इंग्रजांनी बदलून 'पोटॅटो' केला, आपण तो जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. अननस, पपई आणि काजू ही नावे दक्षिण अमेरिकेच्या जमातींकडून पोर्तुगीजांमार्फत आली. मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीज. महिन्याच्या एक तारखेस ज्याची वाट पाहायची तो पगार पोर्तुगीज. कुलपाची चावी, पाण्याची बालदी, गवंड्याचे घमेले, बाजारातील लिलाव हे सारे त्याच गलबतांतून उतरले. हापूस आंब्याच्या नावात अफोन्सो हे पोर्तुगीज नाव लपलेले आहे.

या शब्दांचा शास्त्रशुद्ध मागोवा घेणारा विद्वान एक कॅथॉलिक धर्मगुरू होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांचा जन्म १८५५ मध्ये गोव्यातील बार्देश तालुक्यात आसगाव येथे झाला. सिंहलद्वीप आणि बंगाल येथे त्यांनी व्हिकर जनरल म्हणून सेवा केली. जेथे गेले तेथील भाषा शिकले. १८९३ मध्ये त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे ते लिस्बन येथे संस्कृतचे प्राध्यापक झाले. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. पोर्तुगीज भाषेत शिरलेल्या आशियाई शब्दांचा कोश १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांत आला. अखेरच्या काळात दोन्ही पाय गमवावे लागले, तरी त्यांची लेखणी थांबली नाही. १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. दोन्ही बाजूंचा हिशोब एकाच हाताने लिहिणारा असा प्रामाणिक जमाखर्चकार विरळा.

या प्रामाणिकपणास अनुसरून एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. सारे शब्द बाजाराच्या वाटेने, राजीखुशीने आले असे नाही. काही सत्तेच्या वाटेने आले. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, धर्मसमीक्षण सभेचा अंमल होता. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत स्थानिकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम केला. या धोरणास धर्मसंघातील काही जणांचा पाठिंबा होता, हे आपण लपवू नये. लोकांनी आपली भाषा सोडली नाही. तीनशे वर्षांनंतर, १९८७ मध्ये, तीच कोंकणी गोव्याची राजभाषा झाली. मनुष्याच्या ओठांवरील भाषा हुकमाने पुसता येत नाही.

दुसरे उदाहरण इंग्रजीतील 'कास्ट' या शब्दाचे. पोर्तुगीजांचा 'कास्ता' म्हणजे कुळ किंवा वाण. आपल्याकडील वर्ण आणि जाती पाहून त्यांनी हा एकच शब्द सर्वांवर टाकला. इंग्रजांनी तो घेतला आणि सरकारी दप्तरात तो पक्का झाला. शब्द बाहेरून आला, पण त्याने ज्या व्यवस्थेकडे बोट दाखविले ती आपलीच होती. त्या व्यवस्थेने ज्यांना मागे ठेवले त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने कोल्हापूर संस्थानातील नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. नाव कोणी दिले यापेक्षा अन्याय कोणी दूर केला, याला इतिहासात अधिक मोल आहे.

मग परके शब्द काढून टाकावेत काय? हा प्रश्नही नवा नाही. ज्यांचे नाव या पेठेस लाभले आहे त्या छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकरवी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करविला. दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचे ते कार्य होते. सुमारे तीन शतकांच्या फारसी अमलाखाली दबलेल्या भाषेस पुन्हा ताठ उभे करण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यामागील स्वाभिमान वंदनीय आहे. तरीही लोकांच्या तोंडी पंतप्रधानापेक्षा 'पेशवा' हा फारसी शब्दच अधिक रुळला.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे कविवर्य माधव जूलियन यांचे उदाहरण तर याच नगरीतले. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला, मराठीत गझल रुजविली आणि आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची मुक्त उधळण केली. उत्तरायुष्यात मात्र ते भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि त्यांनी स्वतःच्या जुन्या रचनाही शुद्ध करावयास घेतल्या. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. भाषाशुद्धीचा हा आग्रही पुरस्कर्ता अखेरपर्यंत ओळखला गेला तो 'जूलियन' या विलायती टोपणनावाने. हे मी उपहासाने म्हणत नाही. ज्याने मराठीवर प्रेम केले त्याचे नाव मराठीने आपले मानले, एवढेच सांगावयाचे आहे.

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे खरे आहे. त्याचे मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. प्रारंभीचे ख्रिस्ती लोक हुतात्म्यांच्या मृत्युदिनास हाच शब्द लावीत, कारण तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिन होय अशी त्यांची श्रद्धा होती. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ होती. म्हणून त्या भूमीस नाताळ हे नाव पडले. महात्मा गांधींनी १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना केली ती याच भूमीत. पुढे १४९८ मध्ये तीच जहाजे कालिकतला लागली.

परंतु शब्दाची कथा लिस्बनला किंवा रोमला संपत नाही. 'नातालिस'च्या मुळाशी असलेल्या 'नातुस' या शब्दाचे अधिक जुने रूप 'ग्नातुस' असे होते. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा शब्द आणि संस्कृत 'जात' म्हणजे जन्मलेला, हे दोन्ही एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. आपला 'जन्म' हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे नाताळ हा जन्माचा दूरदेशी वाढलेला भाऊ होय. पाद्री या शब्दातील लॅटिन 'पातेर' आणि संस्कृत 'पितृ' यांचे नाते तसेच, 'देउस' आणि 'देव' यांचेही तसेच.

हे नाते प्रथम ओळखणाऱ्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेला तरुण ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि उरलेले सारे आयुष्य येथेच राहिला. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात याच स्वरूपाचा सिद्धांत मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ देवनागरी खिळ्यांच्या अभावी रोमन लिपीत छापावा लागला. एका इंग्रज मनुष्याने ख्रिस्ताचे चरित्र पोर्तुगीज राज्यात बसून मराठी ओवीत गावे, आणि तेही संतांच्या वळणाने, हे मोठे नवल आहे. १६१९ मध्ये तो निवर्तला. त्यानंतर पासष्ट वर्षांनी त्याच भूमीत भाषाबंदीचे ते फर्मान निघाले. एकाच ख्रिस्तसभेच्या लेकरांनी भाषेवर प्रेमही केले आणि तिला दडपण्यास हातभारही लावला. यांपैकी कोणाचा वारसा चालवायचा, हे आपण ठरवावयाचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, १९६२ ते १९६५ या काळात, उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि आपण आज मराठीत पवित्र मिस्सा अर्पण करतो, हे स्टीफन्सच्या बाजूने पडलेले माप आहे.

तथापि मुलाने वर्गातील सोबत्यास उत्तर देताना केवळ या प्राचीन नात्यावर विसंबू नये. लॅटिनशी नाते नसते, तर नाताळ परका ठरला असता काय? 'आमेन' हा शब्द हिब्रू आहे. त्याचे संस्कृतशी कोणतेच नाते नाही. तरी आपल्या आजी ज्या श्रद्धेने तो उच्चारीत आल्या, त्या श्रद्धेने तो आपला झाला आहे. शब्दाचे मूळ कोठे आहे हा इतिहासाचा प्रश्न. शब्द कुणाचा आहे, हे मात्र तो वापरणाऱ्याच्या आयुष्यावरून ठरते. तालीम कोल्हापूरची झाली ती तेथे घाम गाळणाऱ्यांमुळे. मिरची आपली झाली ती वाटणाऱ्या हातांमुळे. नाताळही आपला होतो तो असाच, त्या दिवशी शेजाऱ्याच्या दारी पोहोचणाऱ्या फराळाच्या ताटामुळे.

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या नाना देशींच्या लोकांनी प्रेषितांची साक्ष आपापल्या भाषेत ऐकली, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आपण वाचतो. पवित्र आत्म्याने त्या सर्वांस एक भाषा दिली नाही. प्रत्येकाची भाषा त्याने वापरण्याजोगी मानली. ज्या देवाला कोणतीही बोली परकी वाटली नाही, त्याच्या लेकरांनी शब्दांवरून माणसांस परके ठरवू नये, आणि कोणी तसे ठरविले तर खाली मानही घालू नये.

त्या मुलास माझे एवढेच सांगणे आहे. बाळ, तुझ्या यादीत एकविसावा शब्द लिही : 'पेठ'. त्याखाली बाविसावा लिही : 'नाताळ'. पहिला येथून तिकडे गेला, दुसरा तिकडून येथे आला. आणि तुझा तो सोबती यंदा नाताळात घरी आला, तर त्याला वही दाखवण्यापूर्वी करंजी दे.